पूजेच्या यादीतली मिनिटं

तीन दिवस एक रकाना रिकामा होता. डोक्यावर छापलेलं 'मूळ कारण', खाली दोन ओळींची जागा, त्याखाली माझी सही. त्या दोन ओळींत मी काय लिहीन यावर एका बाईंची एकतीस वर्षांची नोकरी कशी संपणार ते ठरणार होतं. निवृत्तीला अडीच महिने राहिलेले. चूक त्यांची असं लिहिलं तर खातेनिहाय चौकशी, आणि तो डाग घेऊनच घरी. चूक त्यांची नव्हती. कोणाची होती ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर पेन चालत नव्हतं.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर हे सगळं डोक्यावरून जाईल. ऑफिसं, शाळा, हॉस्पिटलं यांच्या कॉम्प्युटर यंत्रणेत काय काय बिघडू शकतं, बिघडायची शक्यता किती आणि बिघडलं तर फटका केवढा, हे मी मोजते. मोजते असं आपलं म्हणायचं. शक्यतेला एक ते पाच, परिणामाला एक ते पाच, दोघांचा गुणाकार. पंचवीस घरांचा तक्ता असतो; हिरवी, पिवळी, लाल घरं. प्रत्येक धोका उचलायचा, एका घरात नेऊन बसवायचा, की आपण मोकळे. चौदा वर्षं हेच करून डोक्याला अशी खोड लागलीय की लालबागच्या आमच्या चाळीचा जिना चढतानाही मी मनात म्हणते, कठडा: शक्यता चार, परिणाम चार, सोळा, लाल. आणि तोच लाल कठडा धरून वर जाते. जाणार कुठे?

आमचं ऑफिस लोअर परळला, काचेच्या बिल्डिंगमध्ये, एका जुन्या गिरणीच्या जागेवर. माझे बाबा गिरणीत फिटर होते. पण ही ती गिरणी नव्हे, ती पलीकडची. लोकांना जुळलेल्या गोष्टी आवडतात म्हणून आधीच सांगून टाकते, जुळत नाही.

तर ते हॉस्पिटल. परळमधलं, ट्रस्टचं, फी कमी आणि रांग मोठी असलेलं. गणपती नुकतेच गेले होते तेव्हा मी तिथे दोन आठवड्यांसाठी गेले. रक्तपेढी, प्रयोगशाळा, रुग्णांच्या नोंदी, सगळं एका सर्व्हरवर. तो सर्व्हर जिथे होता ती खोली पूर्वी चादरींची. फडताळं तशीच होती, खालच्या फडताळात यूपीएस, म्हणजे वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सर्व्हर जगवणाऱ्या बॅटऱ्या. जनरेटर जुना. हाताने सुरू करायचा, पाच-सहा मिनिटं सहज जायची. तेवढी पाच-सहा मिनिटं त्या बॅटऱ्यांच्या जिवावर.

ही खोली ज्यांच्या ताब्यात त्यांना सगळं हॉस्पिटल 'बाई' म्हणायचं. डॉक्टरही बाई, वॉर्डबॉयही बाई. गिरगावात जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, पदराला पिन, बोलणं असं शुद्ध की मी त्यांच्यासमोर 'नाय' म्हणायची ती 'नाही' म्हणायला लागले. टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्यांनी हात वर केले, बाईंनी रात्रशाळा लावली आणि शिकून घेतलं. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, काय हवं ते विचारा. पण बूट बाहेर काढा, धूळ येते."

मी तिथेच खार खाल्ला असणार. बूट काढायला लावले म्हणून नव्हे. मी प्रश्न विचारायला आले होते, आणि उत्तरं द्यायची सोडून ही बाई मला शिस्त लावत होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला त्यांची वही सापडली. सापडली म्हणजे टेबलावरच होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराण्याच्या यादीला वापरतात तशी. दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाई सर्व्हरची पूजा करायच्या. दुपारी दोन ते तीन सगळी यंत्रणा बंद. आदल्या दिवशी नोटीस लागायची, तेवढा तास लॅबवाले कागदावर लिहायचे. वहीत दरवर्षीची यादी: झेंडू अर्धा किलो, आंब्याचे टाळे, नारळ एक, पेढे पाव किलो, आपट्याची पानं. आणि यादीच्या शेवटी एक आकडा. २१ मिनिटं. पुढच्या वर्षी १७ मिनिटं. त्याच्या पुढच्या वर्षी १२ मिनिटं.

मी हसले. म्हटलं, "काय बाई, पूजा आटत चाललीय. देवाला पण कंटाळा आला वाटतं."

बाई काहीतरी सांगायला गेल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. फोन संपला तेव्हा मी पुढच्या प्रश्नावर गेले होते.

शेवटच्या दिवशी ट्रस्टींसमोर बैठक. मोठं शिसवी टेबल, चहा, बटाटेवडे. मी तक्ता पडद्यावर टाकला. पूजेसाठी सर्व्हर बंद: शक्यता पाच, कारण दरवर्षी ठरलेलंच, परिणाम तीन, पंधरा, लाल. बॅटरी निकामी होणे: परिणाम पाच, पण शक्यता एक, कारण बॅटरीवाल्या कंपनीचा माणूस दरवर्षी येऊन 'ठीक आहे' असं सर्टिफिकेट सही करून देतो आणि ती सगळी सर्टिफिकेटं फाईलला नीट लावलेली. पाच गुण, हिरवा. माझी मीच खूश. कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "सर्व्हर म्हणजे काय देव नाही. आणि असलाच, तर देवाला भरदुपारी झोपवून आंघोळ घालायची काही गरज नाही."

सगळे हसले. ट्रस्टी हसले, डॉक्टर हसले, चहा देणारा हसला. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. हशा थांबेपर्यंत थांबल्या आणि विचारलं, "मग बॅटरी किती टिकते ते कसं कळणार?"

मला वाटलं, या विषय बदलतायत. "सर्टिफिकेट आहे ना, बाई," मी म्हटलं.

"बरं," बाई म्हणाल्या. त्या दसऱ्याला पूजा झाली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी परळची वीज गेली. त्यात विशेष काय? पण बॅटऱ्या दोन मिनिटंसुद्धा टिकल्या नाहीत. जनरेटर लागेपर्यंत सर्व्हर धाडकन बसला होता आणि उठवला तर नोंदी फाटलेल्या, उघडेनात. रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये पिशव्या होत्या, पण कुठली पिशवी कोणासाठी जुळवून ठेवलीय ते सगळं त्या सर्व्हरमध्ये. वर बाळंतिणीच्या वॉर्डात एका बाईला रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्यासाठी जुळवलेलं रक्त फ्रीजमध्ये असून मिळेना. पुन्हा नमुना, पुन्हा जुळवाजुळव. चाळीस मिनिटं गेली. ती वाचली. मी हे आधीच सांगून टाकते. वाचली, बाळही ठणठणीत. पण तिची आई ती चाळीस मिनिटं बाकावर बसून पदर तोंडात कोंबून होती, असं मला नर्सने सांगितलं आणि ते काही डोक्यातून जात नाही.

हॉस्पिटलला कोणीतरी दोषी हवा होता. खोली कोणाच्या ताब्यात? बाईंच्या. संपलं. बाईंना रजेवर बसवलं. आणि मूळ कारण शोधायला कोणाला बोलावलं? आमच्याच कंपनीला. मलाच. च्यायला, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

तेव्हा मला मी चोर आहे हे माहीत नव्हतं. मे महिन्यात मी पुन्हा त्या खोलीत गेले. या वेळी कोणी बूट काढायला सांगितलं नाही. मी पुरावे गोळा करत होते. बाई कामाच्या वेळेत पूजाअर्चा करायच्या, यंत्राकडे दुर्लक्ष करायच्या, असं दाखवायला ती लाल वही बरी पडेल असं वाटून मी ती उघडली. या वेळी पहिल्या पानापासून.

पहिल्या वर्षी लिहिलं होतं: 'मेन स्विच बंद केला. बॅटरीवर सर्व्हर २४ मिनिटं चालला, मग शिटी वाजू लागली. शिटीनंतर रीतसर बंद करून पूजा.' खाली एक ओळ, तिच्याखाली दोन रेघा: 'दहाच्या आत आलं की बॅटरी नवी मागायची.' पुढच्या वर्षी नुसतं २२ मिनिटं. मग १९. मग १५. मग ९, आणि त्यापुढे 'नवी बॅटरी बसवली'. पुढच्या वर्षी २५. मग २४, २१, १७, १२.

आणि शेवटची ओळ, गेल्या दसऱ्याची. यादी नाही, आकडा नाही. एवढंच: 'पूजा नाही. मॅडमनी नको सांगितलं.'

मी त्या फडताळाला पाठ लावून खाली बसले. पूजा आटत नव्हती. बॅटरी आटत होती. आख्ख्या हॉस्पिटलात एकच माणूस खरं काही मोजत होतं, वर्षातून एकदा, घड्याळ लावून. मोजायचा पगार घेणारी मी, मी तो आकडा वाचला आणि त्यावर विनोद केला. गेल्या खंडेनवमीला मोजलं असतं तर आकडा दहाच्या आत आला असता, नवी बॅटरी आली असती, आणि एप्रिलमध्ये वीज गेली तेव्हा कोणाला कळलंही नसतं. एवढं सरळ होतं. कंपनीच्या माणसाने बॅटरी कधी उघडून बघितलीच नव्हती, नुसता हिरवा दिवा बघून सही ठोकायचा. आणि मी त्या सहीवर माझी सही.

वही पिशवीत घातली आणि ऑफिसला आले. सरांना सगळं सांगितलं. सर माझ्याहून चार वर्षांनी लहान, हुशार, वाईट माणूस नाही. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे बघ, तू भावनिक होतेयस. तिने तुला स्पष्ट सांगायला हवं होतं ना, की ही बॅटरीची टेस्ट आहे? नाही सांगितलं. मग? लिही, 'कर्मचाऱ्याकडून नियमित देखरेख झाली नाही.' खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. तेच तर. खरं बोलून माणूस किती मोठं खोटं सांगू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

"आधीचा रिपोर्ट आपलाच आहे," सर म्हणाले. "आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचाय का? शुक्रवारपर्यंत दे."

तो मंगळवार होता. मंगळवारी मी ती ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. खुर्चीवर बसवेना. पाणी पिऊन ये, वॉशरूमला जा, खिडकीशी उभी राहा, खाली पुलावरची माणसं बघ. पाचलाच पिशवी उचलली आणि चालत सुटले. लालबागला मेमध्ये मसाल्याचे दिवस, मसाला कुटायच्या डंकात मिरच्या पडतात, आख्खी गल्ली खोकत असते. मी खोकत खोकत दोन फेऱ्या मारल्या. कोणी ओळखीचं भेटलं की 'काय गं, कोणाला शोधतेस?' असं विचारायचं. काय सांगणार? भाजी, म्हणायचे. हातात भाजी नसायचीच.

बुधवारी सकाळी चहा करताना बाबांना विचारलं, "गिरणीत खंडेनवमीला काय करायचात हो?"

बाबा शेव खात होते. "काय करतलंव? साचे बंद. धुवन-पुसून हार घालूचो, नारळ फोडूचो, पेढे."

साचे म्हणजे त्यांचे माग. "एवढंच?"

"एवढाच कसा? साचो बंद केल्याबिगर आत काय झिजलाहा ता दिसता काय? पट्टो, दातो, नटबोल्ट, सगळा त्याच दिसाक गावायचा. चालत्या साच्याक कोण हात घालतलो?" मग हसले. "मालक येरवी एक मिनिट साचो बंद ठेवूक देय नाय. देवाचा नाव घेतला काय गप रवायचो."

माझा चहा उतू गेला. गॅस बंद करायचं सुचेना. बाबांनीच उठून केला.

बाईंनी कुठल्या साहेबाला सांगितलं असतं, की मला दरवर्षी तासभर यंत्रणा बंद करून बॅटरी तपासायचीय, तर कोण हो म्हणालं असतं? अर्ज, मंजुरी, समिती, पुढच्या वर्षी बघू. पूजेला मात्र कोणाची हरकत नाही. पेढेही मिळतात. बाईंनी देवाच्या नावाने तो तास पदरात पाडून घेतला होता, गिरणीतल्या माणसांनी घेतला तसा. मी गिरणगावात वाढलेली पोर, हे मला कळायला नको? पण मी काचेच्या बिल्डिंगीतून आले होते ना. शहाणी झाले होते.

तरी रकाना रिकामाच. कळणं वेगळं आणि सही करणं वेगळं. नोकरी जाईल का? बढती तर नक्कीच जाणार. बाबांचं औषधपाणी, चाळीचा पुनर्विकास, भाड्याने कुठेतरी राहायला जायचं, सगळं डोळ्यांपुढे. बुधवार गेला. गुरुवारी सकाळी ठरवलं, आधी हॉस्पिटलमध्ये जाऊन तोंडी तरी सांगू, मग लिहायला जोर येईल.

हॉस्पिटलच्या ऑफिसात अधीक्षकांनी मला बघितल्या बघितल्या फाईल पुढे केली. "या, मॅडम. तुमचं काम सोपं झालं."

आत बाईंचं पत्र होतं. कालच्या तारखेचं, सुंदर अक्षरातलं. वर्षातून एकदा बॅटरी तपासायचं काम मी स्वतःहून करत आले. गेल्या वर्षी केलं नाही. झाल्या प्रकाराची जबाबदारी माझी आहे. खाली सही. माझा उल्लेख कुठेच नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. माणसाने स्वतःच कबूल केलंय, आता मी कोण? शुक्रवारी दोन ओळी लिहायच्या, सोबत हे पत्र जोडायचं. अधीक्षकांनी मागवलेला चहा मी चवीने प्यायले. अर्धा कप झाला आणि मला स्वतःची इतकी किळस आली की कप तसाच ठेवून मी बाहेर पडले आणि गिरगावची बस धरली.

बाईंचं घर चाळीतच, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी दारातच बूट काढले. बाईंनी ते बघितलं.

"पत्रात माझं नाव का नाही घातलंत?" मी आत पाऊल टाकायच्या आधीच विचारलं. आवाज चढला होता.

"बसा आधी."

"बसत नाही. मला हे असले उपकार नकोयत, बाई. मी नको म्हणाले म्हणून तुम्ही थांबवलंत. वहीत लिहिलंय तुम्ही. वही दाखवली असतीत तर तुम्ही सुटला असता."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. मी त्यांना चिडलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"उपकार? तुमच्यावर? तुम्ही माझ्या कोण? मी ते पत्र तुमच्यासाठी नाही लिहिलं. मला माझी चूक ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी तिथे काढली, ती खोली सांभाळली. एक बाई बाहेरून येते, दोन आठवडे बसते, नको म्हणते, आणि मी ऐकते. का ऐकलं मी? तुमचं पटलं म्हणून? मुळीच नाही. सगळे हसले म्हणून. त्या चहावाल्यासकट सगळे हसले आणि मला लाज वाटली. घरी येऊन ठरवलं, मरू दे, पुन्हा हसं करून घ्यायचं नाही. पूजा नको तर नको, नुसती बॅटरी तपासता आली असती की नाही मला? रविवारी जाऊन तपासता आली असती. नाही गेले. रुसून बसले. आणि ती मुलगी वर चाळीस मिनिटं..." त्या थांबल्या. "हे तुमच्या त्या पंचवीस घरांत कुठे बसतं ते तुम्ही बघा. मला माहीत नाही."

मला रडू आलं. मी दारात उभी राहून रडले, शेजारची एक बाई डोकावून गेली. बाईंनी पाणी दिलं, पण समजूत काढली नाही. मलाही ती नको होती. निघताना एवढंच विचारलं, "वही परत देऊ?"

"आता काय करायचीय ती मला," बाई म्हणाल्या आणि सूप पुढे ओढलं.

शुक्रवारी मी रकाना भरला. दोन ओळींत बसलं नाही, समासात लिहावं लागलं. 'बॅटरीची एकमेव प्रत्यक्ष चाचणी खंडेनवमीच्या पूजेच्या वेळी होत असे. ती आमच्या शिफारशीमुळे बंद पडली. चाचणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने बैठकीत याबद्दल प्रश्न विचारला होता. मूल्यांकन करणारीने, म्हणजे मी, त्या कामाची सर्वांसमोर चेष्टा केली होती.' तक्त्यात प्रत्येक धोक्यापुढे त्याचा मालक कोण ते लिहायचं असतं. तिथे माझं पद लिहिलं. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, सही केली आणि रिपोर्ट सरांना न दाखवता थेट हॉस्पिटलला पाठवला.

सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग बोलले ते एवढंच, की ते हॉस्पिटल आता दुसऱ्या कोणाकडे. बढती गेली. नोकरी राहिली, ती का राहिली ते मी विचारलं नाही. ट्रस्टींनी बाईंवरची चौकशी रद्द केली आणि त्यांना कामावर बोलावलं. पत्र मागे घ्या म्हणाले, तर बाईंनी नकार दिला. शेवटी दोन्ही कागद एकाच फाईलला लागले, त्यांची कबुली आणि खाली माझी. नव्या बॅटऱ्या आल्या. जुलैअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ चांगला झाला असं ऐकलं. मला बोलावलं नव्हतं, आणि का बोलवावं?

लाल वही माझ्या खणातच राहिली. परत करायची म्हणून दोनदा पिशवीत घातली, दोनदा चर्नी रोडला उतरून मागे फिरले. खणात काही शोधायला हात घातला की तो पुठ्ठा हाताला लागायचा, आणि त्या दिवसाचं काम बिनसायचं.

मग खंडेनवमी आली. आमच्या ऑफिसातही रिसेप्शनला झेंडूचं तोरण लावलं होतं, प्लॅस्टिकचं. दुपारी अडीचला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, कशा आहात नाही, काही नाही.

"वही आहे ना गं तुझ्याजवळ?"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. 'मॅडम' नाही, 'तुम्ही' नाही.

"आहे, बाई."

"काढ. मी हॉस्पिटलातच आहे. आता दरवर्षी करायचं असा ठराव झालाय, मला नारळ फोडायला बोलावलंय. आत्ता शिटी वाजली. सव्वीस मिनिटं. लिही."

पेन सापडेना, शेजारच्याचं ओढून घेतलं. वही उघडली. शेवटची ओळ समोर होती, 'मॅडमनी नको सांगितलं.'

"कुठल्या पानावर लिहू?" मी विचारलं. "नवीन पान घेऊ?"

"नवीन कशाला?" बाई म्हणाल्या. "त्याच ओळीखाली."